नामदार नाना शंकरशेट : स्वहित आणि समाजहित

मनुष्य हा समाजात जन्मतो, समाजात वाढतो आणि समाजाच्याच खांद्यावरून शेवटच्या प्रवासास जातो. असे असूनही स्वतःचे हित आणि समाजाचे हित ही दोन निराळी खाती आहेत, व एकात जमा केल्यावाचून दुसऱ्यातून खर्च करता येत नाही, अशी समजूत आपल्यापैकी पुष्कळांची असते. कोणी म्हणतात, आधी घर सांभाळा, मग गाव. कोणी म्हणतात, घरावर तुळशीपत्र ठेवल्यावाचून लोकसेवा घडत नाही. या दोन टोकांच्या मध्ये एक तिसरी वाट आहे, आणि त्या वाटेने जन्मभर चाललेला एक थोर पुरुष आपल्याच ज्ञातीत होऊन गेला. त्या पुरुषाचे, म्हणजे नामदार जगन्नाथ शंकरशेट ऊर्फ नाना यांचे, अल्पचरित्र या वार्षिक अंकाच्या निमित्ताने ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

नानांची तसबीर आपल्या प्रत्येक समारंभात व्यासपीठावर असते. तिला हार घालण्याचा मान कोणास द्यावा, याबद्दल कार्यकारिणीत चर्चाही होते. परंतु या गृहस्थाने नेमके काय केले, व ते कोणासाठी केले, असे एखाद्या मुलाने विचारले तर आपल्यापैकी किती जणांस उत्तर देता येईल, याची आम्हांस शंका आहे. आम्ही आयुष्यभर शाळेत शिकविले. त्यामुळे उत्तर ठाऊक नसताना फळ्यावर नुसते नाव लिहिण्याची सवय बरी नव्हे, असे आम्हांस वाटते.

जन्म व पूर्वपीठिका

नानांचे घराणे मूळचे ठाणे जिल्ह्यातील मुरबाडचे, आडनाव मुरकुटे. दैवज्ञ ब्राह्मण ज्ञातीतील या कुटुंबाने मुंबईस येऊन जवाहिऱ्याच्या धंद्यात व व्यापारात चांगले नाव मिळविले. १० फेब्रुवारी १८०३ रोजी नानांचा जन्म झाला. मातोश्रींचे छत्र लहानपणीच हरपले. वडील शंकरशेट यांनी मुलाच्या शिक्षणाची उत्तम व्यवस्था केली. त्या काळी मुंबईत आजच्यासारख्या शाळा नव्हत्या, म्हणून घरीच शिक्षक ठेवून मुलास इंग्रजी शिकविण्यात आले. परंतु १८२२ साली वडीलही निवर्तले, आणि वयाची वीस वर्षे पुरी होण्याच्या आत एवढ्या मोठ्या पेढीचा व इस्टेटीचा भार या तरुणाच्या शिरावर येऊन पडला.

तरुण वय, हाती विपुल पैसा आणि विचारणारे कोणी नाही, या तिहींचा योग आला म्हणजे काय होते हे आपण नेहमीच पाहतो. नानांच्या बाबतीत मात्र तसे झाले नाही. त्यांनी धंदा नुसता राखला नाही, तर वाढविला. त्यांच्या सचोटीची कीर्ती एवढी पसरली की अरबस्तान, अफगाणिस्तान आदी देशांतून मुंबईस येणारे व्यापारी आपला ऐवज बँकेत न ठेवता नानांच्या पेढीवर विश्वासाने ठेवीत. ही गोष्ट येथे मुद्दाम नमूद करण्याचे कारण असे की, नानांनी पुढे जे लोककार्य केले ते धंदा सोडून नव्हे. जो स्वतःचा हिशेब चोख ठेवतो त्याच्याच हाती लोक आपला पैसा देतात, आणि लोकांनी विश्वासाने पैसा दिला तरच संस्था उभ्या राहतात. ही पेढी त्यांच्या सर्व सार्वजनिक कार्याचा पाया होती. निष्काळजीपणाने स्वतःचे घर बुडविणारा मनुष्य समाजाचे घर बांधू शकत नाही, हा त्यांच्या चरित्रातील पहिला धडा होय.

विद्यादानाचे कार्य

पेशवाई नुकतीच संपली होती. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हे मुंबईचे गव्हर्नर असताना १८२२ च्या सुमारास एतद्देशीय मुलांच्या शिक्षणासाठी हैंदशाळा व शाळापुस्तक मंडळी स्थापन झाली. मराठी व गुजराती भाषांत शालोपयोगी पुस्तके तयार करणे, शिक्षक तयार करणे आणि शाळा काढणे हे तिचे काम होते. हिंदू, पारशी, मुसलमान आणि युरोपियन असे सर्व जण तिच्यात होते, आणि तरुण नाना प्रथमपासून तिच्या आधारस्तंभांपैकी एक होते. पुढे १८२७ साली एल्फिन्स्टन साहेब स्वदेशी परतले तेव्हा त्यांचे स्मारक कशा रूपाने करावे हा प्रश्न निघाला. मुंबईच्या लोकांनी दोन लाखांहून अधिक रुपये वर्गणी जमविली व ती शिक्षणाच्या कामी लाविली. त्या निधीतूनच पुढे एल्फिन्स्टन संस्था उभी राहिली. दादाभाई नौरोजी आणि डॉक्टर भाऊ दाजी यांसारखी रत्ने तिच्यातूनच निघाली. या सर्व खटपटीत नाना अग्रभागी होते.

१८४० साली सरकारने शिक्षणाची व्यवस्था पाहण्यासाठी बोर्ड ऑफ एज्युकेशन नेमले. त्यात एतद्देशीयांच्या वतीने बसण्याचा मान नानांस मिळाला, व जवळजवळ दीड दशक त्यांनी ते काम केले. या काळातील एक प्रसंग आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. बोर्डाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी हे विद्वान न्यायाधीश होते. उच्च शिक्षण इंग्रजीतूनच द्यावे, व उपलब्ध पैसा वरच्या वर्गातील थोड्या विद्यार्थ्यांवर खर्चावा, असा त्यांचा कटाक्ष होता. उलटपक्षी कर्नल जर्व्हिस यांचे मत असे होते की, बहुजनांपर्यंत ज्ञान पोहोचवावयाचे असेल तर ते त्यांच्या मातृभाषेतूनच दिले पाहिजे. १८४७-४८ च्या सुमारास हा वाद विकोपास गेला, आणि बोर्डातील एतद्देशीय सभासद जर्व्हिस यांच्या बाजूस उभे राहिले. नाना त्यांत प्रमुख होते.

आता व्यवहाराच्या दृष्टीने पाहू. नाना स्वतः इंग्रजी उत्तम जाणत होते. त्यांच्या घरच्या मुलांस इंग्रजी शिकण्यास कसलीच अडचण नव्हती. सरकारी पैसा वरच्या वर्गाच्या इंग्रजी शिक्षणावर खर्च झाला असता तर सर्वांत अधिक लाभ त्यांच्यासारख्या घराण्यांचाच झाला असता. खेड्यातील कुणब्याच्या मुलास मराठीत हिशेब व भूगोल शिकता यावा, यात गिरगावच्या सावकाराचा कोणता फायदा होता? तरीही त्यांनी मत दिले ते त्या मुलाच्या बाजूने. स्वहित व लोकहित एकाच वाटेने जात असेल तेव्हा लोकहित करणे कठीण नसते. जेथे वाटा फुटतात तेथेच मनुष्याची परीक्षा होते. सरकारने अखेर मधला मार्ग काढला. वरच्या शिक्षणात इंग्रजीचे स्थान कायम राहिले, परंतु प्राथमिक शाळा देशभाषांतून चालूच राहिल्या. आमच्यासारख्या मराठी शाळांतून जन्म घालविलेल्या शिक्षकांनी या ऋणाचे स्मरण ठेविलेच पाहिजे.

मुलींची शाळा

१८४८ साली एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थ्यांनी व शिक्षकांनी आपली एक साहित्य व शास्त्रीय सभा स्थापिली, आणि पुढच्याच वर्षी तिच्या सभासदांनी मराठी व गुजराती मुलींसाठी शाळा काढल्या. तरुण दादाभाई या कार्यात होते. उत्साह होता, पण जागा नव्हती आणि लोकापवादाचे भय मोठे होते. मुलगी शिकली तर घराण्यास बट्टा लागेल, असे म्हणणारे लोक त्या वेळी केवळ अडाणी वर्गात नव्हते. प्रतिष्ठित घरांतही होते. अशा वेळी नानांनी आपल्या वाड्यात मुलींच्या शाळेस जागा दिली, व शाळेच्या खर्चाचाही भार उचलला.

नाना वृत्तीने धर्मनिष्ठ होते. स्नानसंध्या, देवपूजा, कुलाचार यांत त्यांनी कधी खंड पडू दिला नाही. केवळ नव्या मताच्या भरात येऊन रूढी झुगारणारे ते गृहस्थ नव्हते. म्हणूनच त्यांच्या वाड्यात शाळा भरण्याला विशेष अर्थ होता. ज्याच्या देवघरात नित्य पूजा चालते त्याच्याच ओसरीवर मुली अक्षरे गिरवितात, हे पाहिल्यावर निंदकांच्या बोलण्यातील जोर ओसरला. नानांजवळ पैशाहूनही मोठी एक ठेव होती, ती म्हणजे प्रतिष्ठा. पैसा देणारे दाते प्रत्येक काळी असतात. प्रतिष्ठा पणास लावणारे मात्र विरळाच, कारण पैसा गेला तर पुन्हा मिळविता येतो, पण लोकांत गेलेले नाव सहसा परत येत नाही. त्याच धर्मनिष्ठ वृत्तीने त्यांनी सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दीत सतीची चाल बंद करण्याच्या कामी सरकारास मनःपूर्वक साहाय्य केले होते, हेही येथे सांगितले पाहिजे.

सोनापूरची स्मशानभूमी

नानांच्या चरित्रातील सोनापूरच्या स्मशानभूमीची हकीकत वरवर पाहता लहान वाटते, पण आम्हांस ती फार बोलकी वाटते. समुद्रकाठची ही भूमी हिंदूंच्या दहनाची जागा होती. शहर वाढू लागले तेव्हा वस्तीजवळ स्मशान नसावे, ते गावाबाहेर दूर न्यावे, असा विचार सरकारात सुरू झाला. शहराच्या आरोग्याचा तो विचार होता, आणि तो अगदीच निरर्थक होता असे आम्ही म्हणणार नाही. परंतु श्रीमंताच्या घरी मृत्यू झाला तर अंतराची अडचण पैशाने दूर होते; गरिबाच्या घरी मात्र चार खांदे आणि दोन पाय एवढेच साधन असते. पावसाळ्यातील चिखलातून कोसभर अधिक चालत प्रेत नेणे म्हणजे काय, हे ज्याच्यावर बेतते तोच जाणतो. नानांनी या बाबतीत हिंदू रहिवाशांच्या वतीने नेटाने खटपट केली, आणि सोनापूरची भूमी राहिली. सरकारदरबारी वजन असलेल्या मनुष्याने ते वजन कशासाठी वापरावे, याचे हे उदाहरण आहे. मृताच्या नातलगांचे आभार मानणारे पत्रही कोणी पाठवीत नाही, अशा कामासाठी त्यांनी ते वापरले.

आगगाडी, रुग्णालय आणि नाटकगृह

आगगाडीचे नाव काढले की नानांचे नाव निघते. १८४५ च्या सुमारास हिंदुस्थानात लोहमार्ग बांधण्याची कल्पना पुढे आली तेव्हा सर जमशेटजी जिजीभाई आणि नाना यांनी ती उचलून धरली, व मुंबईतील या कामाच्या मंडळात दोघेही होते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची स्थापना १८४९ साली झाली, आणि १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी बोरीबंदराहून पहिली गाडी ठाण्यास निघाली. एकवीस मैलांचे अंतर, चौदा डबे, सुमारे चारशे निमंत्रित आणि एकवीस तोफांची सलामी. रस्त्याच्या दुतर्फा लोटलेल्या लोकांनी वाफेच्या त्या राक्षसास नारळ वाढविला नसेल तरच नवल!

येथे एखादा चिकित्सक वाचक म्हणेल की, आगगाडीमुळे व्यापार वाढला, मुंबईतील जमिनींचे मोल वाढले, आणि नाना व्यापारीही होते व जमीनदारही. मग यात परोपकार तो कोणता? हा आक्षेप आम्ही टाळणार नाही. आगगाडीपासून नानांच्या वर्गास लाभ झाला, हे खरेच आहे. पण त्या गाडीच्या तिसऱ्या वर्गात बसून देशावरचा मजूर मुंबईस आला, पंढरीचा वारकरी विठोबाच्या दर्शनास अधिक सुलभतेने जाऊ लागला, आणि दुष्काळी मुलखात धान्य पोहोचण्यास एक नवी वाट झाली. ज्यात माझाही लाभ आहे आणि दहा जणांचाही आहे, ते काम करण्यात लाज मानण्याचे कारण नाही. माझ्या लाभासाठी दहा जणांची हानी होते काय, एवढेच पाहावयाचे. ही कसोटी लावून पाहता नानांचे काम शंभर नंबरी सोन्यासारखे उतरते, आणि सोन्याची कसोटी आपल्या ज्ञातीस निराळी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

इतर कार्यांचा येथे नुसता उल्लेखच करणे शक्य आहे. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय १८४५ साली सुरू झाले. हिंदू मुले प्रेतास शिवणार नाहीत असे सर्वत्र म्हटले जात असताना, एतद्देशीय विद्यार्थ्यांस त्या विद्येकडे वळविण्याच्या कामी नानांचे साहाय्य झाले. १८४६ साली ग्रँट रोडवर जे नाटकगृह उभे राहिले ते नानांच्या जागेवर. तेथेच १८५३ साली विष्णुदास भावे यांच्या मंडळीने मुंबईकरांस मराठी नाटक दाखविले. राणीच्या बागेतील वस्तुसंग्रहालयाच्या उभारणीत डॉक्टर भाऊ दाजी यांच्या बरोबरीने नाना होते. त्या इमारतीची पायाभरणी १८६२ साली झाली व ती १८७२ साली लोकांस खुली झाली; आज ते डॉक्टर भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाते. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा पहिल्या फेलोंच्या यादीतही नानांचे नाव होते.

राजकारण आणि संशयाचे वर्ष

२६ ऑगस्ट १८५२ रोजी मुंबईत बॉम्बे असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. लोकांची गाऱ्हाणी सनदशीर मार्गाने विलायतेतील पार्लमेंटपुढे मांडणारी ही पश्चिम हिंदुस्थानातील पहिली संस्था होय. सर जमशेटजी तिचे सन्माननीय अध्यक्ष व नाना अध्यक्ष झाले. दादाभाई, भाऊ दाजी, नौरोजी फर्दुनजी अशी तरुण मंडळी तिच्यात होती. कंपनीच्या सनदेचा फेरविचार व्हावयाचा होता, त्या वेळी या संस्थेने राज्यकारभारातील दोष दाखविणारा अर्ज पार्लमेंटास पाठविला. सरकारी कृपेवर ज्यांचा व्यापार व मानमरातब अवलंबून असतो अशा धनिकास अशा संस्थेचे अध्यक्षपद भूषविणे सोईचे नसते. नाना काही बंडखोर नव्हते. इंग्रजी राज्याच्या न्यायबुद्धीवर त्यांचा विश्वास होता. पण विश्वास आहे म्हणून मौन धरावे, असे त्यांस वाटले नाही.

याची किंमत त्यांना द्यावी लागली. १८५७ साली उत्तरेत बंडाचा वणवा पेटला तेव्हा मुंबईतही संशयाचे वातावरण पसरले, आणि नानांसारख्या पुरुषावरही बंडवाल्यांशी संधान असल्याचा संशय घेण्यात आला. पस्तीस वर्षे ज्या शहराची सेवा केली त्याच शहरात त्यांच्याविषयी चौकशी व्हावी, याहून दुःखद ते काय? चौकशीअंती ते निर्दोष ठरले. एखाद्याने अशा अपमानानंतर सार्वजनिक कामास रामराम ठोकला असता, व त्यास कोणी दोषही दिला नसता. नानांनी मात्र एकाही संस्थेचे काम सोडले नाही. १८६१ च्या कायद्याने मुंबई इलाख्याचे कायदेमंडळ निर्माण झाले, आणि १८६२ साली त्यात नानांची नेमणूक झाली.

अखेर

नानांच्या अखेरच्या वर्षांत मुंबईस एक विलक्षण वेड लागले होते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे विलायतेस तेथील कापूस मिळेना, हिंदुस्थानच्या कापसास सोन्याचा भाव आला, आणि मुंबईत पैशाचा पूर लोटला. समुद्र हटवून जमीन करण्याच्या नावाखाली कंपन्या निघाल्या. बॅक बे कंपनीचा पाच हजारांचा भाग पन्नास हजारांवर गेला. थोरामोठ्यांपासून कारकुनापर्यंत सर्व जण भागांच्या सट्ट्यात उतरले. १८६५ साली अमेरिकेतील युद्ध थांबले, कापूस कोसळला, आणि १ जुलै १८६५ रोजी, वायद्यांची मुदत भरली त्या दिवशी, शेकडो घरांचे दिवाळे वाजले. प्रत्येकाने केवळ स्वतःपुरते पाहिले म्हणजे अखेर कोणाचेच उरत नाही, हे मुंबईने तेव्हा डोळ्यांनी पाहिले.

त्याच महिन्याच्या अखेरीस, ३१ जुलै १८६५ रोजी, नाना निजधामास गेले. सट्ट्यातील कंपन्यांची नावेही आज कोणास आठवत नाहीत. नानांनी ज्यांस हात लावला ती महाविद्यालये, ते विद्यापीठ, तो लोहमार्ग मात्र आजही लोकांच्या उपयोगी पडत आहे. टाउन हॉलमध्ये त्यांचा संगमरवरी पुतळा आहे, गिरगावचा मुख्य रस्ता आणि नाना चौक त्यांचे नाव धारण करून आहेत. परंतु आमच्या शिक्षकी दृष्टीस त्यांचे खरे स्मारक म्हणजे त्यांच्या नावाची संस्कृतची शिष्यवृत्ती. मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतात पहिला येणाऱ्या विद्यार्थ्यास ती मिळे. शंकरशेट स्कॉलर हा शब्द महाराष्ट्रातील शाळांतून एखाद्या पदवीसारखा उच्चारला जात असे. १९१२ साली ती चिंतामणराव देशमुख यांस मिळाली, आणि हेच देशमुख पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर व देशाचे अर्थमंत्री झाले. देशमुख आपल्या ज्ञातीचे नव्हते. शिष्यवृत्तीने त्यांची ज्ञाती विचारली नाही, गुण विचारले.

आमची कबुली व एक विनंती

आता ज्या कारणाने हा लेख लिहावयास घेतला ते सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही एका ज्ञातिनिधीच्या विद्यार्थी साहाय्य समितीवर होतो. निधी ज्ञातीतील गरीब विद्यार्थ्यांसाठी होता, व नियम स्पष्ट होते. आमच्याच वर्गातील एक मुलगा, सभागृहाची झाडलोट करणाऱ्या गृहस्थाचा, परीक्षेच्या फीसाठी अर्ज घेऊन आला. गणितात त्याची बरोबरी करणारा दुसरा विद्यार्थी आमच्या वर्गात नव्हता. परंतु तो आपल्या ज्ञातीचा नव्हता. आम्ही नियमावर बोट ठेवून अर्ज परत केला. समितीत कोणी विरोध केला नाही, आणि आम्हांसही त्या वेळी आपण कर्तव्यच केले असे वाटले. रक्कम एवढी लहान होती की आमच्या पगारातूनही ती देता आली असती. तेही आम्हांस सुचले नाही. मुलगा त्या वर्षी परीक्षेस बसला नाही. पुढे तो एका दुकानात कामास लागला. काही वर्षांनी तेथे आम्ही गेलो असता त्याने उठून नमस्कार केला, आम्हांस बसावयास खुर्ची दिली आणि हिशेब क्षणात तोंडी करून दिला. जुन्या गोष्टीचा त्याने उल्लेखही केला नाही. त्याने तो केला असता तर आम्हांस बरे वाटले असते.

त्या दिवसापासून नानांच्या तसबिरीस हार घालताना आमचा हात थोडा जड होतो. नियम चुकीचा होता असे आम्ही म्हणत नाही. दात्यांनी ज्ञातीसाठी म्हणून दिलेला पैसा विश्वस्तांनी आपल्या मर्जीने अन्यत्र द्यावा, हेही योग्य नव्हे. दुसऱ्याच्या पैशावर उदार होण्यात कसला पुरुषार्थ? ज्ञातीतील गरीब मुलास, विधवा भगिनीस, वृद्धास आधार देणे हे ज्ञातिसंस्थेचे पहिले कर्तव्य आहे, आणि ते राहीलच. नानांसही आपल्या कुळाचा व ज्ञातीचा अभिमान होता. परंतु तो अभिमान त्यांनी शहरासाठी काम करून दाखविला, आणि म्हणूनच शहराने त्यांच्याबरोबर आपल्या ज्ञातीसही मान दिला. केवळ ज्ञातीपुरते काम करून ते राहिले असते तर ज्ञातीचा लौकिक आज आहे तेवढा झाला नसता. त्यांनी स्वहितातून घर सांभाळले, घराच्या बळावर ज्ञातीचे नाव वाढविले, आणि ते नाव सर्व समाजाच्या उपयोगी लाविले. यातील एकही पायरी त्यांनी वगळली नाही, व कोणत्याही एका पायरीवर ते बसून राहिले नाहीत.

म्हणून ज्ञातिबंधूंस आमची एक नम्र विनंती आहे. जुने निधी दात्यांच्या इच्छेप्रमाणेच चालू द्यावेत. परंतु यापुढे जे नवे दान येईल त्यातून, दात्यांच्या संमतीने, एक लहानशी शिष्यवृत्ती अशी असावी की जिच्या अर्जात ज्ञातीचा रकाना नसेल. रक्कम मोठी नसली तरी चालेल. तिला नानांचे नाव द्यावे. आमच्या निवृत्तिवेतनातून जी अल्प रक्कम आम्ही बाजूस ठेवू शकलो ती या कामी प्रथम देण्याची आमची तयारी आहे, व तसे आम्ही कार्यवाहांस कळविले आहे. या सूचनेवर वार्षिक सभेत मतभेद होतील, हे आम्ही जाणून आहोत. मतभेद व्हावेत. नानांच्या काळीही ते होतेच. फक्त ते मतभेद नानांच्या तसबिरीकडे पाठ करून न होता, तिच्याकडे तोंड करून व्हावेत, एवढेच आमचे मागणे आहे.

नामदार नाना शंकरशेट यांच्या पुण्यस्मृतीस वंदन करून, आणि सर्व ज्ञातिबांधवांस या वर्षी आरोग्य, समृद्धी व सद्बुद्धी लाभो अशी श्रीचरणी प्रार्थना करून, आम्ही आपली रजा घेतो.